बीएस-६ पिकअप: डीपीएफचा दिवा दर पंधरा दिवसांनी पुन्हा का लागतो?

डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) पिवळा दिवा लागतो, सर्व्हिस सेंटरमध्ये स्कॅनर लावून फोर्स रिजनरेशन करतात (म्हणजे साचलेली काजळी मुद्दाम जाळतात), दिवा विझतो आणि दहा-पंधरा दिवसांत पुन्हा लागतो, असा अनुभव बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचे मानक) डिझेल पिकअप वापरणाऱ्या बऱ्याच जणांना येतो. माझ्याकडे २०२१ सालची, दीड टन माल वाहणारी, सेकंडहँड घेतलेली पिकअप आहे. गेल्या हिवाळ्यात सात आठवड्यांत तिचा हा दिवा चार वेळा लागला. चौथ्या वेळी त्याच्या जोडीला चेक लाइटही लागली आणि गाडी ताशी चाळीसच्या पुढे जाईना. फिल्टरच बदलावा लागेल असे सांगून जो आकडा मला देण्यात आला, त्यात एक बऱ्यापैकी सेकंडहँड मोटारसायकल आली असती. प्रत्यक्षात फिल्टरमध्ये दोष नव्हताच. दोष जिथे होता तिथला सुटा भाग हजार रुपयांच्या आत मिळाला. तो कसा सापडला ते सविस्तर लिहितो, कारण ज्यांची गाडी माझ्यासारखी रोज थोडेच अंतर चालते, त्यांच्याकडे हाच किंवा याच्या जवळपासचा दोष असण्याची शक्यता बरीच आहे.

फिल्टर स्वतःला कसा साफ करतो

१ एप्रिल २०२० पासून आपल्याकडे बीएस-४ वरून मधली पायरी गाळून थेट बीएस-६ आले. डिझेलमधील गंधकाची मर्यादा दहा लाख भागांत ५० वरून १० भागांवर आली आणि पिकअपसारख्या गाड्यांच्या सायलेन्सरच्या वाटेत काजळी अडवणारा डीपीएफ बसला. हा फिल्टर म्हणजे सिरॅमिकचे, मधाच्या पोळ्यासारखे नळकांडे असते. त्यातील प्रत्येक नळीचे एकच तोंड उघडे असल्यामुळे धूर भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीत जातो आणि काजळी भिंतीवर राहते. साचलेली काजळी जाळणे यालाच रिजनरेशन म्हणतात.

ते दोन प्रकारे होते. गाडी भरलेली असेल, चढ असेल आणि तासभर सलग चाल असेल, तर सायलेन्सरमधील वायू तीनशे-साडेतीनशे अंशांपर्यंत तापतात आणि काजळी हळूहळू आपोआप जळत राहते. तेवढे तापमान मिळाले नाही आणि काजळी ठरावीक पातळीच्या वर गेली, तर इंजिनचा कॉम्प्युटर मुद्दाम उशिरा जादा डिझेल सोडतो. ते डिझेल फिल्टरच्या अलीकडे असलेल्या उत्प्रेरकात जळते, फिल्टर साधारण सहाशे अंशांपर्यंत तापतो आणि दहा ते पंचवीस मिनिटांत काजळी जळून जाते. यासाठी इंजिनचे पाणी पुरेसे तापलेले असावे लागते, डिझेल रिझर्व्हच्या वर असावे लागते आणि सेन्सरचा दुसरा कोणताही दोष नोंदलेला नसावा लागतो. यातील एक अट पुरी झाली नाही तरी कॉम्प्युटर काम पुढे ढकलतो आणि चालकाला त्यातले काहीही कळत नाही.

येथे एक खुलासा केलेला बरा. काही गाड्यांत ‘युरिया’ म्हणून जे द्रव टाकावे लागते, त्याचा काजळीशी संबंध नाही. ते नायट्रोजनच्या ऑक्साइडांसाठी असते. त्यात ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि उरलेले क्षारविरहित पाणी असते. शेतातल्या गोणीतला युरिया पाण्यात विरघळवून टाकीत ओतण्याचा प्रयोग एका परिचितांनी केला होता. तो युरिया २०१५ पासून कडुनिंबाचा लेप लावून येतो, हे ते शेतकरी असूनही त्या वेळी विसरले. त्यांची पुढची हकिकत माझ्यापेक्षा खर्चिक आहे, पण ती या लेखाचा विषय नाही.

वहीतून दिसलेले

आमच्या मळ्यापासून नारायणगावचा बाजार नऊ किलोमीटर आहे. उन्हाळ्यापासून दिवाळीच्या आसपासपर्यंत टोमॅटोचे कॅरेट आणि थंडीत मेथी-कोथिंबिरीच्या जुड्या, असा माझा माल असतो. आठवड्यातून एक-दोनदा वाशीचे भाडे मिळाले तर गाडी माळशेज उतरून दीडशे किलोमीटरच्या वर जाते. बाकीचे दिवस नऊ किलोमीटर जाणे आणि नऊ किलोमीटर येणे. डिझेलचा हिशेब ठेवण्यासाठी मी डॅशबोर्डच्या खणात एक वही ठेवतो. तिच्यात तारीख, किलोमीटर, माल आणि कुठे गेलो एवढेच असते. दुसऱ्यांदा दिवा लागल्यावर मी तीत दिव्याचीही नोंद करू लागलो.

मागची पाने चाळल्यावर असे दिसले की मे ते ऑक्टोबर या काळात दिवा एकदाही लागलेला नव्हता. त्या महिन्यांत वाशीच्या फेऱ्या होत्या आणि माल जड होता. नोव्हेंबरच्या अखेरीपासून पालेभाजी सुरू झाली. जुड्यांनी हौदा वरपर्यंत भरलेला दिसतो, पण वजन टोमॅटोच्या निम्मेही भरत नाही, त्यामुळे इंजिनवर ताण नाही आणि सायलेन्सर तापत नाही. लहान फेरी, हलका माल आणि पहाटेची थंडी, हे कारण मला पुरेसे वाटले. सर्व्हिस सेंटरमध्येही हेच सांगण्यात आले आणि आठवड्यातून एकदा गाडी हायवेला पळवून आणा, असा सल्ला मिळाला.

सल्ला योग्यच होता. मी दोन वेळा आळेफाट्याच्या पुढे घारगावपर्यंत गाडी चौथ्या गिअरमध्ये, दोन-सव्वादोन हजार आरपीएमवर सलग चालवून आणली. पहिल्या वेळी दिवा विझला, दुसऱ्या वेळी विझला नाही. तासभर हायवेला चालूनही रिजनरेशन पुरे होत नसेल, तर लहान फेऱ्यांवर सगळा दोष ढकलता येत नाही, हे मला इथे कळायला हवे होते. ते कळायला आणखी दोन आठवडे गेले.

त्या दोन आठवड्यांतला एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. बाजाराच्या गेटवर रांगेत असताना इंजिनचा आवाज एकाएकी जाड झाला. आरपीएमचा काटा एरवी आठशेच्या खाली असतो, तो हजारावर गेला आणि केबिनमध्ये तापलेल्या लोखंडासारखा वास आला. जवळ उभ्या असलेल्या हमालाने खाली वाकून पाहिले आणि म्हणाला, “दादा, गाडी जळतीय का काय?” मी घाबरून चावी बंद केली. इंजिन बंद झाले तरी रेडिएटरचा पंखा घोंघावत राहिला. गाडीला काहीही झालेले नव्हते. कित्येक दिवसांनी तिला रिजनरेशन सुरू करण्याची संधी मिळाली होती आणि मी ती मोडली होती. आरपीएम वाढणे, गरम वास, पंखा थांबत नसणे आणि त्या फेरीपुरते मायलेज घसरणे, ही रिजनरेशन चालू असल्याची चिन्हे आहेत. ती दिसली तर इंजिन बंद करू नये, शक्य असेल तर गाडी चालती ठेवावी. मात्र उभ्या गाडीत हे चालू असताना खाली उसाचे पाचट, वाळलेले गवत किंवा सोयाबीनचा भुसा असेल, तर गाडी तिथून ताबडतोब हलवावी. सायलेन्सरची ती उष्णता आग लावण्यास पुरेशी असते.

असे रिजनरेशन पुनःपुन्हा अर्धवट राहिले की उशिरा सोडलेले जादा डिझेल पूर्ण जळत नाही. त्यातले काही सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरते. सपाट जागी, थंड इंजिनवर मी ऑइलची पट्टी काढली, तेव्हा पातळी वरच्या खुणेच्या बोटभर वर होती. ऑइल चार महिन्यांपूर्वी बदललेले होते आणि मी वरून थेंबही टाकलेला नव्हता. पट्टीचा वास घेतला तर स्पष्ट डिझेलचा होता. ऑइल कमी होत नाही म्हणून समाधान मानण्याची आपल्याला सवय आहे, पण डीपीएफच्या गाडीत वाढलेले ऑइल हे कमी झालेल्या ऑइलइतकेच वाईट असते. डिझेल मिसळून पातळ झालेले ऑइल बेअरिंग आणि टर्बो यांना पुरेसे वंगण देत नाही. दिवा वारंवार लागत असेल तर सर्वांत आधी ही पट्टी पाहावी, आणि पातळी खुणेच्या वर असेल तर ऑइल बदलल्याशिवाय फोर्स रिजनरेशन करू देऊ नये.

सापडलेला दोष

चौथ्या वेळी मी सर्व्हिस सेंटरऐवजी हायवेलगतच्या एका जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी स्कॅनर लावण्याआधी मला मागची बिले मागितली. खणात तीन कागद होते. तिन्हींवर पी २४६३ हा कोड होता, म्हणजे काजळी मर्यादेपेक्षा जास्त साचली आहे. दुसऱ्या कागदावर त्याच्या खाली पी ०१२८ असा आणखी एक कोड छापलेला होता. इंजिनचे पाणी ठरलेल्या वेळेत ठरलेल्या तापमानाला पोहोचत नाही, असा त्याचा अर्थ होतो. तो कोणी वाचला नव्हता, मीही नाही. दर वेळी सगळे कोड एकदम पुसून गाडी परत दिली जात होती.

मिस्त्रींनी गाडी मला पाऊण तास चालवायला लावली आणि स्वतः स्कॅनर मांडीवर घेऊन शेजारी बसले. बाहेर ऊन होते, तरी पाण्याचे तापमान ६२ अंशांच्या वर गेले नाही. उतारावर ते ५५ पर्यंत खाली आले. मग मला आठवले की डॅशबोर्डवरचा तापमानाचा काटा हिवाळा सुरू झाल्यापासून मध्यावर आलेलाच नव्हता. काटा लालकडे गेला की आपण घाबरतो, तो खालीच राहिला तर गाडी थंड चालते म्हणून खूश होतो.

परत आल्यावर इंजिन निवू दिले, कूलंट काढले आणि वरच्या जाड पाइपाच्या मुळाशी असलेले झाकण दोन बोल्ट काढून उघडले. आत थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारा वॉल्व्ह, नव्हता. रबरी रिंग होती, बसकणीवर जुन्या सीलंटचा डाग होता, मधली जागा रिकामी. “भाऊ, ह्यात वॉल्व्हच नाही,” एवढेच मिस्त्री म्हणाले आणि हात पुसू लागले.

आधीच्या मालकाच्या हातून गाडी एखाद्या उन्हाळ्यात घाटात तापली असणार आणि कोणीतरी वॉल्व्ह काढून फेकला असणार. हा उपाय जुन्या गाड्यांपासून चालत आलेला आहे आणि त्याला अजूनही हुशारी समजले जाते. थर्मोस्टॅटचे काम असे की, पाणी साधारण ८२ ते ८८ अंशांना पोहोचेपर्यंत ते रेडिएटरकडे जाऊ द्यायचे नाही. तो नसेल तर पाणी पहिल्या मिनिटापासून रेडिएटरमधून फिरते. मे महिन्याच्या उन्हात, भरलेल्या गाडीत, माळशेजच्या चढावर इंजिन तरीही तापते. डिसेंबरात मेथी घेऊन नऊ किलोमीटर जाताना तापत नाही. माझ्या वहीतील उन्हाळा आणि हिवाळा यांच्यातला फरक अशा रीतीने जुळला. थंड इंजिन काजळी जास्त करते आणि थंड इंजिनमध्ये कॉम्प्युटर रिजनरेशन सुरू करत नाही, असा दुहेरी मार बसत होता.

कंपनीचा थर्मोस्टॅट बसवला, योग्य प्रमाणात नवे कूलंट भरून आतली हवा काढली, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला आणि त्यानंतर एकदाच फोर्स रिजनरेशन केले. दुसऱ्या दिवशी बाजाराला जाताना सहाव्या किलोमीटरला काटा मध्यावर आला. त्यानंतरच्या अकरा आठवड्यांत वहीत दिव्याची एकही नोंद नाही. माल तोच होता, अंतरही तेच. आठवड्यातली एक लांब फेरी मात्र मी अजूनही चुकवत नाही, कारण नऊ किलोमीटरची फेरी डीपीएफला मानवत नाही ही गोष्ट थर्मोस्टॅटने बदललेली नाही.

दोष हा नसेल तर

तुमच्या गाडीचा काटा व्यवस्थित मध्यावर येत असेल आणि दिवा तरीही परत लागत असेल, तर पुढचा संशय जास्त काजळी करणाऱ्या भागांवर घ्यावा. टर्बोपासून इंटरकूलरकडे (इंजिनात जाणारी हवा थंड करणाऱ्या जाळीकडे) जाणारा होज पाइप हा माझ्या मते यात पहिला. तो क्लॅम्पपाशी सैल झाला किंवा त्याला चीर गेली की हवा बाहेर पडते, डिझेलच्या मानाने हवा कमी पडते आणि काजळी वाढते. बीएस-४ गाडीत हा दोष काळ्या धुरातून लगेच दिसायचा. डीपीएफ धूर अडवून ठेवतो, म्हणून आता तो डोळ्यांना दिसत नाही. चढावर ओढ कमी होणे, शिट्टीसारखा आवाज येणे आणि क्लॅम्पच्या भोवती तेलकट काळी धूळ चिकटणे, यांवरून तो ओळखावा. एअर फिल्टर, अडकलेला ईजीआर वॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) आणि गळणारा इंजेक्टर हे त्यानंतरचे.

फिल्टरच्या अलीकडचा व पलीकडचा दाब मोजणाऱ्या सेन्सरच्या दोन बारीक नळ्याही पाहाव्यात. त्यातली एखादी वितळली, तडकली किंवा चोंदली, तर फिल्टर मोकळा असतानाही दिवा लागतो. ही तपासणी पाच मिनिटांची आहे आणि ती न करता कोणी फिल्टर बदलायला सांगत असेल, तर गाडी घेऊन निघावे.

ऑइलबाबत तडजोड करू नये. काजळी जळते, पण ऑइलमधील कॅल्शियम, जस्त यांसारख्या घटकांची राख जळत नाही; ती फिल्टरमध्ये कायमची बसते. म्हणून डीपीएफच्या गाडीला कमी राखेचे, गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचेच ऑइल लागते. ट्रॅक्टरसाठी आणलेल्या डब्यातले दोन लिटर उरले आहे म्हणून पिकअपमध्ये ओतले, तर त्याचा परिणाम त्या दिवशी दिसत नाही. राखेने भरलेल्या फिल्टरवर कितीही वेळा फोर्स रिजनरेशन केले तरी उपयोग नसतो. तो उतरवून योग्य यंत्रावर साफ करून घ्यावा लागतो. वॉशिंग सेंटरच्या प्रेशर पंपाने किंवा ठिबकच्या नळ्या साफ करण्याच्या ॲसिडने तो धुण्याचा प्रयत्न केल्यास आतले पोळे तुटते आणि मग खरोखरच नवा घ्यावा लागतो.

फिल्टर पोकळ करून सॉफ्टवेअर बदलून देणारे प्रत्येक तालुक्याला भेटतात, मलाही भेटले. ते स्वस्त पडते आणि गाडी चांगली पळते, हे खरे आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ मध्ये असा बदल बसत नाही, पीयूसीमध्ये बीएस-६ गाडीसाठी धुराची मर्यादा आधीच्या गाड्यांपेक्षा बरीच कडक आहे, आणि पासिंगच्या वेळी किंवा विमा कंपनीच्या तपासणीत हे उघड झाले तर बचावाला जागा राहत नाही. त्याहून महत्त्वाचे असे की, माझ्या गाडीचा फिल्टर पोकळ केला असता तर इंजिन थंडच चालत राहिले असते आणि ते कोणाच्या लक्षातही आले नसते.

गाडी घेण्याआधी

नवी गाडी घेताना आधी रोजच्या फेरीचे किलोमीटर लिहून काढावेत. दिवसाची फेरी वीस किलोमीटरच्या आत असेल, लांबचे भाडे क्वचितच मिळत असेल आणि जवळ पंप असेल, तर सीएनजी पिकअप पाहावी; डिझेलची ओढ चांगली असते एवढ्या कारणावर डिझेल घेऊ नये. घाट, जड माल आणि आठवड्यातून दोन-तीन लांब फेऱ्या असतील, तर डिझेलला आजही तोड नाही.

सेकंडहँड बीएस-६ पिकअप पाहायला जाताना मालकाला इंजिन आधी सुरू करू नका असे सांगावे. थंड इंजिनवर ऑइलची पट्टी पाहावी आणि तिचा वास घ्यावा. मग अर्धा तास चालवून तापमानाचा काटा मध्यावर येऊन स्थिर राहतो का ते पाहावे. शक्य असल्यास स्कॅनर लावून काजळीचे व राखेचे प्रमाण आणि शेवटच्या रिजनरेशननंतरचे किलोमीटर वाचावेत. दर शंभर-सव्वाशे किलोमीटरला रिजनरेशन होत असेल तर कुठेतरी बिघाड आहे. फिल्टरच्या डब्यावर नव्या वेल्डिंगची रेघ आहे का, हे खाली झोपून पाहण्याची लाज वाटू देऊ नये. शेवटी इंजिन निवल्यावर सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवावे. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीत ते जवळजवळ स्वच्छ निघते. बोट काळे निघाले तर फिल्टर फुटलेला आहे किंवा आत नाहीच, आणि मग किमतीची बोलणी तिथेच थांबवावीत.